राखून ठेवलेला पेंढा

नाताळ आला की आगाशीच्या बाजारात एक म्हातारी आमच्या ख्रिस्तजन्माच्या गोठ्यांसाठी भाताचा पेंढा विकायला बसते. लाल चिंधीने बांधलेली एक जुडी ती आमच्या गावच्या मास्तरांसाठी राखून ठेवायची. यंदा पावसाळ्यात मास्तर वारले. तरी नाताळच्या आदल्या संध्याकाळी जुडी तिच्या मांडीशी होतीच. मला पेंढा हवा होता.

"मावशी, मास्तर गेले. आता कोणाची वाट बघता?" मी चिडूनच विचारलं.

जुडीवरची धूळ झटकत ती म्हणाली, "म्हाईत हाय. पन ठेवीन म्हनून शब्द मी दिलेला. मी अजून हाय ना?"

अंधारल्यावर मी चर्चमध्ये गेलो. गोठ्यातल्या गव्हाणीत बाळ अजून ठेवलं नव्हतं. पेंढा मात्र पसरून झाला होता, आणि कडेला लाल चिंधी घडी घालून ठेवली होती.