नुसत्या कॉलरी

माझे वडील भिंगारला शिंपीकाम करायचे. मिशनच्या शाळेतून मी बाहेर पडले तेव्हा बाबा म्हणाले, "आता दुकानात बस. आधी शिवन शिक, मग कापड बेतायला शिकवतो." शिवण बऱ्यापैकी जमायला लागलं आणि लढाई आली. दुकानात कापड येईना. नगरात लष्कराचे सदरे शिवणारी एक शेड उघडली होती, तिथं आम्ही दोघंही लागलो.

सुरुवातीला जो तो अख्खा सदरा शिवायचा. मग मुंबईहून एक साहेब आला आणि हातात घड्याळ धरून बाबांच्या मागं उभा राहिला. कॉलर उलटवली की बाबा तिचं टोक सुईनं हळूच बाहेर काढायचे.

"ह्याची गरज नाही," साहेब म्हणाला.

लगेच कामाचे तुकडे पडले. बाबांकडं नुसत्या कॉलरी, माझ्याकडं नुसती काजं. पाण्यासाठीसुद्धा उठायचं नाही. पाणीवाला फिरायचा, तो आला की तहान असो नसो, प्यायचं.

"बाबा, बेतायला कधी शिकवणार?" मी घरी विचारायचे.

"लढाई सरू दे."

पण बाबा बदलत चालले होते. भाकरी धड न चावता गिळायचे. आई काही सांगायला लागली की मधेच उठायचे.

लढाई संपली, शेड बंद झाली, आम्ही दुकान पुन्हा उघडलं. ओळखीच्या एका मास्तरांनी मुलाच्या लग्नासाठी कोटाचं कापड आणलं. बाबांनी ते नीट बेतलं, पण मशीनवर बसले आणि त्यांचा पाय आवरेना.

"बाबा, जरा सावकाश."

"येतच न्हाई गं आता," ते म्हणाले, आणि मशीन पळतच राहिलं.

कोटाचा एक खांदा वर चढला. मास्तरांनी कोट पोराच्या अंगावर पाहिला, घडी केली आणि घेऊन गेले. त्या घरातलं कुणी पुन्हा आमच्याकडं आलं नाही.

त्यानंतर मी हट्टच धरला, मला बेतायला शिकवाच म्हणून. बाबा म्हणाले, "शिकून करशील काय, पोरी? जाशील तिथं तुकडाच हातात देत्यात."

पुढं मी तयार कपडे विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडं कामाला गेले. काय येतं, असं त्यानं विचारलं. शिवण येतं, बेतणं नाही, असं मी खरं ते सांगितलं आणि त्यानं मला काजांवर बसवलं. बाबा दुकानात फाटकं-तुटकं शिवून द्यायचे. हळूहळू लोक तेही आणेनासे झाले.