पहिल्या फेरीत पास

सुमेधा तुळपुळे साउथहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलात एकवीस वर्षं रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करत होती आणि त्यातली शेवटची सहा वर्षं दर ऑक्टोबरात नीना कर्णिकवर जळत होती. उगाच गोड शब्द कशाला वापरायचे? जळतच होती. तसं तर नीना तिची इथली सगळ्यात जुनी मैत्रीण, पण मैत्रीणच असली की जळायला जास्त सोयीचं पडतं, कारण सगळं जवळून दिसतं.

कारण होतं एक स्कूटर. म्हणजे दोन. नऊ वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला दोघींनी मुहूर्त साधून एकाच दुकानातून, एकाच बनावटीच्या, एकाच निळ्या रंगाच्या एकशेपंचवीस सीसीच्या स्कूटर घेतल्या. इथे गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी एमओटी करावी लागते, म्हणजे ती रस्त्यावर चालवण्याजोगी आहे की नाही याची तपासणी. एकाच दिवशी घेतल्यामुळे दोघींच्या स्कूटरची परीक्षाही ऑक्टोबरातच. आणि निकाल? सुमेधाची पहिल्याच वर्षी मागचं टायर झिजलं म्हणून नापास. दुसऱ्या वर्षी ब्रेक दाबला तरी मागचा लाल दिवा लागेना. मग हँडलच्या बेअरिंगमध्ये खेळ आला, मग पुढच्या शॉकअॅबसॉर्बरमधून तेल गळायला लागलं. एकदा तर हॉर्नच मुका झाला. दर वर्षी दुरुस्ती, दर वर्षी दुसरी फेरी. नीनाची मात्र सहाच्या सहा वेळा पास, शेऱ्यात साधी एक ओळसुद्धा नाही.

हे तिला कळायचं कसं, तर सरकारच्या वेबसाइटवर नंबरप्लेट टाकली की कुणाच्याही गाडीची अख्खी कुंडली समोर येते. सुमेधा दर वर्षी डबा खाता खाता नीनाचा नंबर टाकायची. हिरव्या अक्षरातलं ते 'पास' दिसलं की घास घशाखाली उतरायचा नाही. एकदा तरी नापास होऊ दे हिची, असं ती मनात म्हणायची, आणि मग स्वतःचीच लाज वाटून डब्याचं झाकण लावायची.

गेल्या महिन्यात सुमेधा नवऱ्याबरोबर नीनाकडे जेवायला गेली असताना नीनाचा नवरा अजय म्हणाला, "आमची टच वूड, कधी फेलच होत नाही." सुमेधाचा नवरा हरीश लगेच तिच्याकडे वळला. "बघ. तुझी दर वर्षी काहीतरी डेंजरस निघते. विकून टाक ना आता."

सुमेधाचा तिळपापड झाला. "यंदा पहिल्या फेरीत पास नाही झाली, तर विकेन," ती भरल्या ताटावर सगळ्यांसमोर बोलून गेली. नीना कोशिंबीर वाढत राहिली.

बोलताना बोलून गेली, पण घरी आल्यावर तिच्या तोंडचं पाणी पळालं. स्कूटर गेली तर पहाटे पाचला घर सोडून दोन बस बदलायच्या. तेही जमलं असतं. पण कारच्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये ती तीनदा नापास झालेली बाई. या देशात कुणालाही न विचारता, कुणाची वाट न बघता ती जिथे जायची ती फक्त या स्कूटरवर.

म्हणून या दसऱ्याला तिने कंबर कसली. दिवे तपासले, हॉर्न वाजवला, टायरं बघून घेतली. मग पूजेसाठी स्कूटर धुतली आणि नीनाच्या स्कूटरसारखी चकाकावी म्हणून खोबरेल तेलाचा हात फिरवला. काळं प्लास्टिक असं उजळलं की तिला राहवेना. पुढच्या चाकाच्या चकतीवर गंज दिसत होता, तिथेही तिने तेलाचं फडकं चांगलं घासून फिरवलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, फोटो काढला आणि तो नीनाला पाठवला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजकडे जाताना ब्रेक जरा बुळबुळीत लागला. थंडीमुळे असेल, असं तिने ठरवून टाकलं.

गॅरेजमधल्या ब्रायनने स्कूटर यंत्रावर चढवली, पुढचा ब्रेक दाबला आणि पुन्हा दाबला. मग चकतीवर बोट फिरवून वास घेतला. "लव्ह, हे खोबरेल आहे का?" त्याने इथल्या सवयीच्या आपुलकीने विचारलं. ब्रेकच्या चकतीला तेल लावणारं माणूस त्याने चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. पुढचा ब्रेक धरतच नव्हता. नापास, आणि तेही 'डेंजरस'. ब्रेकचे पॅड बदलल्याशिवाय स्कूटर इथून हलवायची नाही.

सुमेधा दुसऱ्याचं बघून चकाकायला गेली आणि हे होऊन बसलं.

"बाकी गाडी उत्तम आहे," ब्रायन तिची समजूत घालत होता. "एकतीस हजार मैल पळालीय. पळते ती झिजते."

मैल? वेबसाइटवर निकालाशेजारी मैलांचा आकडा असतो हे तिला माहीत होतं, पण हिरव्या अक्षरांपुढे तिने तो कधी वाचलाच नव्हता. तिने फोन काढून नीनाचा नंबर टाकला. पहिल्या तपासणीला सहाशे बारा. मग सहाशे पंधरा. सहाशे अठरा. सहाशे एकवीस. दर वर्षी तीन मैल, म्हणजे गॅरेजला जाऊन परत.

सुमेधा बसने थेट नीनाकडे गेली. आज तिला फैलावरच घ्यायचं होतं. दार उघडताच म्हणाली, "नऊ वर्षांत सहाशे मैल, नीना? आणि आम्हाला सांगतेस इथल्या इथे चालवते म्हणून?"

नीनाचा चेहरा उतरला. पण ती मागे सरली नाही. "तुझे एकतीस हजार चारशे," ती म्हणाली. "आत्ताच बघितले. फेल झालीस तेही बघितलं. आणि खरं सांगू? बरं वाटलं मला."

सुमेधा बूट न काढताच आत आली.

"पहिल्याच वर्षी त्या राउंडअबाउटवर पडले मी," नीना खिडकीबाहेर बोट दाखवत म्हणाली. "नुसतं खरचटलं होतं, पण तेव्हापासून हँडल धरलं की घाम फुटतो. अजयच नेऊन आणतो गॅरेजला. तू रोज सव्वासहाला इथून जातेस ना, पाऊस असो, काही असो, तेव्हा मी इथे उभी असते. दर वेळी वाटतं, आज घसरू दे हिला."

सुमेधाला संताप यायला हवा होता. पण हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. सहा वर्षं डब्यासमोर बसून तीही तेच म्हणत आली होती.

तेवढ्यात हरीशचा फोन आला. "काय झालं?"

"फेल झाली. सोमवारी पॅड बदलून मिळतील."

"पण तू म्हणाली होतीस की..."

"म्हणाले होते. विकत नाहीये," सुमेधा म्हणाली आणि फोन ठेवला.

नीनाने डोळे पुसले. "म्हणजे मंगळवारी सव्वासहाला?"

"सव्वासहाला. जळायचं असेल तर जळ खुशाल."

"जळणारच," नीना म्हणाली.

सुमेधाला ते ऐकून इतकं बरं वाटलं की ती चहाला थांबली.