धायरीतला गाळा आणि मालकांचा भाऊ

मंडळी, आमच्या पहिल्या ऑफिसचं आज सकाळी उद्घाटन झालं. रक्त सांडून.

मी आणि माझी पार्टनर मुग्धा, दोघींची छोटीशी सॉफ्टवेअर कंपनी. महिनाभर पायपीट करून धायरीत गाळा भाड्याने घेतला. पार्किंग बघितलं, इंटरनेट बघितलं, वास्तूसुद्धा बघितली.

आज नारळ फोडणार, तेवढ्यात मालकांचा धाकटा भाऊ पहार घेऊन आला. "ह्यो गाळा माझ्या वाटणीचा हाय!" म्हणत त्याने आमचं काचेचं दार फोडलं. मालक आडवे गेले, तर पहारीचा फटका त्यांच्या कपाळाला बसला. रांगोळीवर रक्ताची धार. मुग्धाने हातातला नारळ धाकट्याच्या खांद्यावर हाणला, तेव्हा कुठे तो खाली बसला.

दवाखान्यात टाके घालून घेताना मालक मलाच समजावत होते, "मॅडम, पोलिसात जाऊ नका. घरातलं हाय."

बाहेर धाकटा गाडी घेऊन उभाच होता. दोघं भाऊ एकाच गाडीवर घरी गेले. काचा आम्ही झाडतोय.

जागा घेताना तुम्ही काय काय विचारता हो? आम्ही सगळं विचारलं. "मालक, तुम्हाला भाऊ किती?" एवढंच राहिलं.