डाळिंबी रीळ

मंजू, जरा जवळ ये बघू, पत्रातूनच ये. महिनाभर फोनवर नुसतं "जेवलीस का गं आई" एवढंच विचारतेस, हे काही बरं नाही.

आज शेजारच्यांनी दार रंगवलं. टर्पेंटाइनचा वास आला, बाबांच्या रंगकामाची आठवण झाली आणि मी मनाने थेट कामण स्टेशनात पोचले. तू तेव्हा कॉलेजात होतीस. बाबा पत्र्याची छोटी डिझेल इंजिनं करायचे, पण खऱ्यासारखा रंग काही जमेना. मग उमेळ्याहून स्कूटरवर गेलो, रंग जुळवायला शिवणाच्या डब्यातली चार रिळं घेऊन. मालगाडी थांबली तशी मी एकेक दोरा इंजिनाला लावून पाहिला. हाताला ऊब लागत होती. ड्रायव्हर वरून म्हणाला, "काय वहिनी, इंजिनाला ब्लाउज शिवताय?" बाबा लाजून लाल झाले. शेवटी डाळिंबी जुळला.

तेव्हा वाटलं, माझा रविवार फुकट गेला. आता तोच एक रविवार सारखा आठवतो.

बाबा गेले तेव्हा हातातलं इंजिन बिनरंगाचंच राहिलं. मी रंग आणलाय, रीळही काढलंय, पण एकटीने ब्रश उचलवत नाही. शेजारी दोरा धरून "हाच" म्हणणारं कुणीतरी लागतं गं. या रविवारी येतेस?