अरापायमाचा बुडून मृत्यू

विषय: अरापायमा जातीच्या माशाचा पाण्यात बुडून मृत्यू.

संदर्भ: श्री. सुपडू पाटील, टाकी परिचर, यांचा कामावर परत घेण्याबाबतचा अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, विषय वाचून तुम्हाला हसू आलं असेल. कार्यालयातही सगळे हसले होते. हसला नाही तो एकटा सुपडू, कारण नोकरी त्याची गेली होती.

सुरतेत एका ट्रस्टच्या मत्स्यालयात मी निवृत्त होईपर्यंत कारकून होतो. अशा जागी किस्से फार साठतात. कारण सोपं आहे. मासे बोलत नाहीत, त्यामुळे जे काही लिहिलं जातं ते सगळं आपल्याच बाजूने असतं.

सुपडू धुळ्याकडचा, राहायला पांडेसऱ्यात. टाक्या धुणं, खाणं घालणं, मेलेलं जाळीने काढणं ही त्याची कामं. सबंध इमारतीत मराठी बोलणारे आम्ही दोघेच, म्हणून दुपारचा डबा एकत्र. मी मराठी बोलायचो आणि तो अहिराणी. दोघांनाही आपण शुद्ध बोलतो असं वाटायचं.

* * *

खाऱ्या पाण्यातल्या माशांना समुद्र लागतो. आमचा समुद्र पोत्यातून यायचा. तापीचं पाणी गाळून त्यात विशिष्ट मीठ कालवलं की समुद्र तयार.

एका वर्षी ऑडिटवाल्याने शेरा मारला: ‘शहर समुद्रालगत असताना समुद्र कृत्रिमरीत्या तयार करण्याचे कारण काय?’

मी उत्तर पाठवलं, की डुमसच्या किनाऱ्याचं पाणी गाळाचं आहे, त्यात आमचे मासे जगणार नाहीत.

उलट टपाली दुसरा शेरा आला: ‘मग डुमसचे मासे कसे जगतात?’

मी कागद हातात घेऊन बसलो होतो. सुपडूने काय लिहिलंय ते विचारलं. मी सांगितलं.

“लिखी द्या ना, नाना,” तो म्हणाला, “त्यासले ऑडिट नही.”

* * *

पब्लिकचा सगळ्यात आवडता मासा पिरान्हा. तिकीट काढताना पहिला प्रश्न तोच, माणसं खाणारा मासा कुठे आहे.

खरी गोष्ट अशी, की पिरान्हा अत्यंत भित्रा. झुंडीत राहतो तोही शिकारीसाठी कमी आणि भीतीपोटी जास्त. काचेवर कुणी बोट आपटलं की आमचे सगळे पिरान्हे मागच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे राहायचे. एखादा आडवाच पडायचा.

एका रविवारी वराछाचे एक गृहस्थ कुटुंब घेऊन आले. बराच वेळ त्यांनी काच बडवली. मग सुपडूला म्हणाले, “भाई, याला काहीतरी जिवंत टाका ना. मुलं एवढ्या लांबून आली आहेत.”

सुपडू म्हणाला, “शेठ, तुम्ही जरा बाजूला व्हा. मग ते जेवतील. तुमाले पाहून त्यासले भ्याव लागस.”

गृहस्थांनी तक्रारवहीत नोंद केली: ‘मासे मवाळ आहेत.’

* * *

आता साहेब. साहेब म्हणजे आमचे व्यवस्थापक. ट्रस्टींच्या नात्यातले, आधी साड्यांच्या दुकानात होते. माणूस वाईट नव्हता. त्यांना सगळं नीट मांडलेलं लागायचं, एवढंच.

त्यांचा जीव ऑक्टोपसवर. पाहुणे आले की ते टाकीसमोर उभे राहायचे, ऑक्टोपस रंग पालटायचा आणि साहेब म्हणायचे, “जोयुं? पाहिलंत? मला ओळखतो. इतकी वर्षं झाली.”

ऑक्टोपस माणूस ओळखतो हे खरं. पण तो जगतो वर्ष, फार तर दोन वर्षं. मादी तर अंडी घातली की खाणं सोडते, अंड्यांवर पाणी फुंकत बसते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत संपते. साहेबांच्या कारकिर्दीत ऑक्टोपस कैकदा बदलला होता. नवीन खरेदीला मंजुरी लागते, म्हणून आम्ही तो ‘दुरुस्ती व देखभाल’ या सदरात आणायचो. त्यामुळे कागदावर तो कधी मेलाच नाही.

मी सुपडूला एकदा म्हटलं, “अरे, साहेबांना सांगून टाक एकदा.”

“कशाले? ऑक्टोपसबी मनात तेच म्हणत असेल, इतके वर्षं झाली, साहेब काही बदलत नही.”

* * *

दत्तक योजना ट्रस्टने काढली. देणगी द्या आणि टाकीवर तुमच्या माणसाच्या नावाची पाटी लावून घ्या. जरीचे एक व्यापारी आले. त्यांनी क्लाउनफिशची जोडी दत्तक घेतली आणि दिवंगत आईवडिलांची नावं दिली. मोठी मादी ती बा, छोटा नर तो बापुजी. दर पुण्यतिथीला ते यायचे आणि टाकीपुढे चपला काढून उभे राहायचे.

एका पावसाळ्यात बा मेली.

या माशांत असं आहे, की मादी गेली की नर हळूहळू स्वतःच मादी होतो. बापुजी जाडजूड होत होत बा झाले. त्यांच्यासाठी एक लहान नर आणून सोडला.

पुढच्या पुण्यतिथीला व्यापारी आले, तेव्हा मी साहेबांच्या खोलीत होतो. खोलीचं दार उघडंच होतं. सुपडू त्यांना अगदी आनंदाने सांगत होता, की बापुजींनी अंडी घातली आहेत.

साहेबांनी कपाळाला हात लावला. मी पळत गेलो. व्यापाऱ्यांना सगळी हकीकत समजावून सांगितली, माफी मागितली, पाटी बदलून देतो म्हणालो.

ते काचेकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आमची बा गेली तेव्हा मी दहावीत होतो. त्यानंतर रोटल्या बापुजीच करायचे. केस पण तेच विंचरायचे बहिणीचे.”

चपला घालता घालता म्हणाले, “पाटियुं एम ज रहेवा दो.”

पाटी तशीच आहे.

* * *

आता अरापायमा. हा अ‍ॅमेझॉन नदीतला. आला तेव्हा हाताएवढा होता, बघता बघता सुपडूपेक्षा लांब झाला. टाकी होती तेवढीच राहिली. वळताना त्याची शेपटी काचेला घासायची.

या माशाला कल्ले आहेत, पण ते पुरत नाहीत. दर थोड्या वेळाने पाण्याबाहेर तोंड काढून त्याला हवा घ्यावी लागते. घेताना मोठा आवाज होतो आणि पाणी उडतं. ते एकदा ट्रस्टींच्या सूनबाईंच्या पटोळा साडीवर उडालं.

साहेबांचा हुकूम निघाला. टाकी काठोकाठ भरा आणि वर पारदर्शक झाकण बसवा. फोटोत पाण्याची रेघ दिसायला नको, बुडबुडा दिसायला नको.

मी तेव्हा निवृत्त झालो होतो. झाकण सुपडूने बसवलं. त्याचं काम पक्कं असतं. चारी बाजूंनी स्क्रू पिळले, कुठे फट ठेवली नाही. मासा वर येतो तो खाण्यासाठी, अशीच त्याची समजूत होती. इतकी वर्षं तो वर आला की हा त्याला खायला घालत होता.

झाकण बसलं आणि लगेच शाळेची सहल आली. अरापायमा खालून झाकणाला धडका देत होता आणि मुलं टाळ्या वाजवत होती.

“मीबी वाजवल्या, नाना,” सुपडूने मला माझ्या घरी येऊन सांगितलं. “माले वाटनं, खेळी ऱ्हायना.”

सहल बाहेर पडायच्या आत मासा उलटा झाला.

जनावरांच्या डॉक्टरांनी लिहिलं, श्वास कोंडून मृत्यू. सुपडूकडून खुलासा मागवला गेला. तेव्हा डॉक्टरांनी तोंडी सांगितलेलं त्याने खुलाशात लिहिलं: मासा पाण्यात बुडून मेला. साहेबांनी त्यावर शेरा मारला: ‘मासा बुडत नाही हे सर्वज्ञात आहे. सदर खुलासा थट्टेखोर आहे.’ त्याला कामावरून कमी केलं.

फेरविचाराचा अर्ज मी लिहून दिला. चौकशीही झाली. साहेब, एक ट्रस्टी, सुपडू, आणि त्याच्या बाजूने बोलायला मी, असे आम्ही रिकाम्या टाकीसमोर उभे राहिलो. टाकीशेजारी गुजरातीतली माहितीची पाटी होती. सुपडूला गुजराती वाचता येत नाही. साहेबांना येतं. मी त्यांना ती मोठ्याने वाचायची विनंती केली.

साहेबांनी वाचली. ‘हा मासा पाण्याबाहेरची हवा घेऊन जगतो. त्यास वर येऊ न दिल्यास तो बुडून मरतो.’

ट्रस्टी साहेबांकडे बघू लागले. साहेबांनी पाटी पुन्हा एकदा मनात वाचली, खिशातून रुमाल काढून तिच्यावरची धूळ पुसली, आणि शिपायाला हाक मारली.

“ही पाटी काढून घे,” ते म्हणाले. “टाकीत आता मासा नाही.”

सुपडू सध्या पांडेसऱ्यात एका डाइंग मिलमध्ये रंगाच्या हौदांवर कामाला आहे. त्या हौदांना झाकणं नाहीत, हे मी न विचारता त्याने मला सांगितलं.

त्याचा अर्ज प्रलंबित आहे.