पहिल्या मजल्याएवढा ढीग

दामूभाऊ गेल्याचा निरोप खालच्या किराणा दुकानातल्या फोनवर आला. अमरावतीला मुलीकडे गेले होते, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. जिना चढताना मी पहिल्या मजल्यावर त्यांच्या कुलूपबंद दाराशी थांबलो. पायाखालची फरशी नेहमीसारखी सपाट होती. आमच्या चार मजली इमारतीला आजवर एकही तडा गेलेला नाही, ते त्यांच्यामुळे... नव्या भाडेकरूंना हे ठाऊक नसतं, म्हणून लिहितो.

नंदनवन वस्तीतली ही जागा आम्ही बारा बिऱ्हाडांनी मिळून घेतली तेव्हा ते बुजवलेलं तळं होतं. वर भेगाळलेली माती, खाली मऊ गाळ. दामूभाऊ बांधकाम खात्यात इंजिनिअर आणि आमच्यातलेच एक सभासद. त्यांनी ठरवलं, गाळात जागोजागी खोल भोकं पाडून वाळू भरायची, वर पहिल्या मजल्याएवढा मुरुमाचा ढीग रचायचा आणि थांबायचं. भारानं गाळातलं पाणी वाळूवाटे बाहेर येईल, जमीन दबून घट्ट होईल, मग ढीग काढून पाया घालायचा. किती थांबायचं? दबणं थांबेपर्यंत.

"काहून भाऊ, घर बांधून राहिले का डोंगर?" सभासद विचारत. "सिमेंटचा परवाना हाती हाय, अन् तुम्ही मुरूम वाळवून राहिले." दामूभाऊ नुसते हसत. पण घरी त्यांची आई होती. तिला आम्ही सगळेच माय म्हणत असू. जन्मभर भाड्याच्या खोल्यांत राहिलेली, आता दम्यानं खंगलेली. "दामू, मले कवा नेशील गा त्या घरात?" ती विचारायची. डॉक्टरांनी फार दिवस धरू नका म्हणून सांगितलं होतं. मी म्हणालो, मायसाठी तरी सुरुवात करा. ते म्हणाले, "खाली अजून पाणी आहे."

ढिगाच्या तळाशी लोखंडी पत्रा होता आणि त्याला जोडलेली सळई ढिगातून वर आलेली. तिच्यावर लाल रंगाची खूण. ऑफिसला जाण्याआधी दामूभाऊ पातळी मोजायच्या दुर्बिणीतून पाहत, मी मोजपट्टी धरून उभा राही. खूण रोज जराशी खाली गेलेली असे. नवतपा लागला, मे अखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस. सगळं शहर उन्हानं पांढरं पडलं, आणि ढिगाच्या पायथ्याशी मात्र पाणी झिरपत होतं, चिमण्या त्यात न्हात होत्या...

एका संध्याकाळी दामूभाऊंनी मायला रिक्षातून आणलं, हाताला धरून ढिगावर चढवलं आणि खुर्चीत बसवलं. "माय, एवढ्याच उंचीवर आपलं घर येईल." तिनं चारी बाजूंना पाहिलं. मग हवेत बोट दाखवत म्हणाली, "चूल इकडं. खिडकी इथंच ठेवजो, हवा चांगली येते." मी तिच्या डावीकडे उभा होतो. "भाऊ, चपला काढा. तिथं माह्या देवाची जागा हाय." मी चपला काढल्या. मुरूम अजून गरम होता. नंतर ती रोजच येऊ लागली. उन्हं कलताना भिंती खरंच उभ्या आहेत आणि आपण त्या घरात पाहुणे आहोत, असं मलाही वाटू लागलं.

पावसाच्या आधीच माय गेली. तेरवी झाल्यावर सकाळी दामूभाऊ दुर्बीण घेऊन आले. मी मोजपट्टी धरली. त्यांनी बराच वेळ डोळा काढला नाही. मग म्हणाले, "अजून उतरते आहे," आणि दुर्बीण पेटीत ठेवली.

जमीन हातभर दबली तेव्हा कुठे ती खूण थांबली. दिवाळीनंतर ढीग निघाला. इमारत झाली, मायनं सांगितलं तिथे खिडकी आली, देवही तिथेच बसले. ती सळई दामूभाऊंनी गॅलरीच्या कोपऱ्यात उभी केली, लाल खूण बरोबर कठड्याच्या रेघेत धरून. त्यांच्या पत्नीनं, आमच्या वहिनींनी, त्या सळईला कपड्यांची दोरी बांधली. सकाळी चहा घेताना ते एक डोळा मिटून त्या रेघेकडे पाहत.

मागच्या आठवड्यात वहिनी अमरावतीहून एकट्याच परतल्या. मी सामान वर पोचवलं, चपला बाहेर काढल्या. वहिनी ओला टॉवेल वाळत घालत होत्या. मी गॅलरीच्या दारात उभा होतो.

"काय पाहून राहिले, भाऊ?"

"खूण."

त्यांनी टॉवेल जरा बाजूला सारला... "हलली काय?"

"नाही."