जादूच्या देवळाला वाट ठेवायची राहिली

मंडळी, आज दुपारी माझी चांगलीच जिरली, आणि त्याबद्दल आभारच मानायचेत.

यंदा सिन्नरच्या आमच्या गणेश मंडळाचा देखावा मी आखला: जादूचं देऊळ. थर्माकोलचे खांब, गाभाऱ्यात भलामोठा आरसा, आणि शिखरावर आपोआप वर-खाली तरंगणारा कळस!

आज एक आजी आल्या. चपला काढल्या, हात जोडले आणि सरळ देवळामागे निघाल्या.

"आजी, तिकडं रस्ता नाही!"

"देऊळ बांधलं अन् फेरी घालायला वाट नाय ठेवली व्हय?" म्हणत त्या पडदा सारून आत शिरल्या.

मागे बांबूंच्या गर्दीत आमचे सुतार लक्ष्मणकाका घामाघूम होऊन कळसाची दोरी ओढत होते. आजींनी त्यांनाही हात जोडले. "लय दमला असशील रं बाबा," म्हणाल्या आणि पदराच्या गाठीतली खडीसाखर त्यांच्या तोंडात घातली. काकांचे हात मोकळे कुठे होते!

बाहेरच्या फलकावर नाव मात्र माझं एकट्याचं.

मी लगेच पडदा काढला, फेरीची वाट मोकळी केली. मग ब्रश घेऊन फलकावर काकांचं नाव लिहायला बसलो, तर आडनाव विचारायला उठावं लागलं. महिनाभर सोबत काम करूनही!

तुमचं असं कधी झालंय?